वाया गेलेल्या नऊ बादल्या

कळसच्या वस्तीवर विजेची उधळपट्टी थांबलीच, तर ती आपल्याच हातून थांबणार, याबद्दल यशराजला तिळमात्र शंका नव्हती. बारामतीच्या कॉलेजातून पदार्थविज्ञान घेऊन तो नुकताच पदवीधर झाला होता, आणि घरातल्या कुठल्याही वस्तूकडे बघताना ती कशी चालते, यापेक्षा ती कशी चालायला हवी, हेच त्याला आधी दिसायचं. थंडीत एके दिवशी तो बारामतीहून दोन नव्या तऱ्हेचे दिवे घेऊन आला. काचेच्या वाकवलेल्या नळ्या, खाली पांढरं बूड. आईनं, म्हणजे भामाबाईंनी, दिवा हातात फिरवून बघितला आणि हा भाजायचा की उकडायचा, असं विचारलं.

"सीएफएल म्हणतात याला," यशराज म्हणाला. मग आजोबांना, आबाजींना, त्यांच्या भाषेत समजावू लागला. "आबा, आपला जुना गोळा हाय ना, त्यात दहा बादल्या वीज ओतली की एक बादली उजेड मिळतो. बाकीच्या नऊ बादल्या वाया."

"वाया म्हंजी कुठं?" आबाजींनी विचारलं.

"वाया म्हणजे वाया. हवेत."

आबाजींनी वर हवेत बघितलं. तिथं त्यांना काही दिसलं नाही. त्यांनी विषय सोडला आणि डालग्याखालच्या छकुलीकडं वळले.

छकुली म्हणजे कोकरू. आबाजींचं मेंढरांचं खांड कधीच विकलं गेलं होतं. हौसेनं ठेवलेली शेवटची एक मेंढी त्याच आठवड्यात व्याली आणि गेली. मागं राहिलं ते हे बोटभर शेपटीचं पिल्लू. आबाजी त्याला बाटलीनं दूध पाजायचे आणि मधल्या खोलीत आपल्या अंथरुणाशेजारी बांबूच्या डालग्याखाली ठेवायचे. वरच लांब वायरीवर बल्ब लोंबत होता. यशराजच्या बहिणीला, दिपालीला, अभ्यासाला बरा पडावा म्हणून तो मुद्दाम खाली घेतला होता. पिल्लू सदा डोळ्यांपुढं दिसावं म्हणून आबाजी तो रात्रंदिवस बंद करू द्यायचे नाहीत.

यशराजनं तो बल्ब काढला, स्वयंपाकघरातला काढला आणि दोन्ही शेजारच्या सारजाला देऊन टाकले. विजेचे शत्रू घराबाहेर गेले. एक घरबुडवी वस्तू आपण भल्या माणसाच्या घरात सोडतोय, याची त्याला थोडी टोचणी लागली, पण सारजा फार खूश झाली.

संध्याकाळी उद्घाटन झालं. दिवा लागला की हात जोडायचे, ही घराची रीत. यशराजनं बटण दाबलं, आबाजींनी हात जोडले. नळीत एक उचकी आली आणि अंधार झाला. आबाजींनी हात खाली घेतले. पुन्हा उचकी. पुन्हा हात. दिव्याला स्थिर व्हायला वेळ लागतो, असं यशराज सांगत राहिला आणि आबाजी कवायत केल्यासारखे हात वर-खाली करत राहिले.

"येवढा नमस्कार तर मी भैरोबालाबी घातला न्हाय," ते म्हणाले.

शेवटी उजेड आला. पांढराशुभ्र, चांदण्यात दूध कालवल्यासारखा! दिपालीला पुस्तकातला स्वल्पविरामसुद्धा दिसू लागला. यशराज त्या नळीकडे बघतच राहिला. आत पाऱ्याची वाफ, वाफेतून अदृश्य किरण, काचेला लावलेल्या पुडीनं त्या किरणांचा केलेला उजेड! आणि हे सगळं आपल्या मधल्या खोलीत.

सकाळी स्वयंपाकघरात बोंब झाली. दही लागलं नव्हतं. भामाबाई विरजणाचं भांडं फळीवर ठेवायच्या, मांजर पोचू नये म्हणून, रात्रभर जळणाऱ्या बल्बच्या अगदी वर. आज भांड्यात नुसतं पांढरं पाणी हलत होतं. विरजण सारजाकडचं होतं. तेव्हा खोट कुणाची, हे उघडच होतं. भामाबाईंनी कुंपणावरून सारजाला ऐकवलं, की नासकं विरजण देण्यापेक्षा न्हाय म्हणायचं हुतं.

सारजा तडक वळली. घरात गेली, आपल्या दह्याची वाटी घेऊन आली आणि कुंपणाच्या अलीकडं येऊन ती वाटी भामाबाईंच्या नव्या लुगड्यावर उपडी धरली. थेंब पडला नाही. दही वाटीला दगडासारखं चिकटून होतं.

"त्याच विरजणाचं हाय, भामाक्का," ती म्हणाली. "आन् कधी न्हाय इतकं घट्ट लागलंय. आता तुमच्या दुधातलं पाणी कुणाचं, ते तुमी बघा."

यावर दोन्ही घरांचं बोलणं संपलं.

तेवढ्यात आतून आबाजींची हाक आली. आवाज वेगळाच होता. छकुली डालग्याखाली पाय पोटाशी घेऊन पडली होती. मान उचलत नव्हती, बाटली तोंडात घेत नव्हती. आबाजी तिला गोधडीत घेऊन बसले होते आणि नजर लागली, नजर लागली, एवढंच पुटपुटत होते. भामाबाईंनी मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. सगळं घर खोकू लागलं, फक्त छकुली खोकली नाही. आबाजींचे डोळे भरले होते, ते मिरच्यांनी नव्हे.

यशराज कोकराचे डोळे बघायला वाकला. नीट दिसावं म्हणून त्यानं लोंबता दिवा खाली ओढला आणि नळी नुसत्या हातानं धरली.

धरली, आणि धरूनच राहिला.

रात्रभर जळत असलेला दिवा जेमतेम कोमट होता. जुन्या बल्बला हात लावून त्यानं लहानपणापासून किती वेळा बोटं पोळून घेतली होती! त्यानं दिव्याकडं बघितलं, छकुलीकडं बघितलं. मग दारातून स्वयंपाकघरातल्या फळीकडं बघितलं. नऊ बादल्या कुठं सांडत होत्या, ते त्याला एका क्षणात लख्ख दिसलं. एक बादली या फळीवर सांडत होती, एक या डालग्यात. कुणी मागितली नव्हती, कुणाला ठाऊकही नव्हती, आणि घर मुकाट्यानं तिच्यावर चाललं होतं.

"आई, सारजाकाकूकडून तो बल्ब परत आण. आत्ता."

भामाबाईंनी एकवार सारजाच्या घराकडं बघितलं, एकवार गोधडीकडं. मग पदर खोचून निघाल्या. कुंपणापाशी त्यांनी काय सांगितलं, ते कळलं नाही, पण सारजाचं उत्तर वस्तीभर ऐकू आलं.

"विरजण माझं नासकं, आन् दिवा बरा चालतुय व्हय?"

एवढं बोलून ती स्वतःच आत गेली, दह्याच्या फळीखालचा बल्ब फडक्यात धरून काढून घेऊन आली आणि गरम हाय, नुसत्या हातानं धरू नगा, असंही बजावलं.

बल्ब लागला. उचकी नाही, विचार नाही, बटण दाबताच पिवळा उजेड डालग्यावर पडला. आबाजींनी सवयीनं हात जोडले. शेजारी आणखी दोन हात जोडले गेले होते. ते पदार्थविज्ञानाच्या पदवीधराचे होते.

दुपारपर्यंत छकुलीनं मान उचलली, बाटली रिकामी केली आणि आबाजींचं धोतर चावलं. यशराजला राहवेना. त्यानं आजोबांना सगळं उलगडून सांगितलं. त्या नऊ बादल्या वाया जात नव्हत्या, त्या छकुलीच्या पोटाशी जात होत्या. ऊब म्हणून बघाल तर आपला जुना गोळा म्हणजे केवढं अचाट यंत्र आहे!

आबाजींनी शांतपणे ऐकून घेतलं. छकुलीच्या डोळ्यांवर हाताची सावली धरली.

"मंग दहावी बादली तेवढी उजेडात वाया चाललीय," ते म्हणाले. "त्येचं कायतरी बघ की. पोरीच्या डोळ्यावर येतुय."