पंचवीस हजारांत बसणारे पंधरा

समतेचा जन्म नेहमी श्रीमंताच्या घरी होतो. गरिबाच्या खोलीत तिला पाय पसरायला जागा नसते. म्हणूनच १९९५ साली सुरतेत पांडेसऱ्याच्या आठ डाइंग मिलांच्या मालकांनी एका हॉटेलात पनीर खाता खाता खेळात समता आणायचं ठरवलं, तेव्हा आम्हा कामगारवर्गाला अजिबात आश्चर्य वाटलं नाही. (मी कामगारवर्गात मोडतो की नाही याबद्दल दोन मतं आहेत. मी पंडित, रमणिकशेठच्या मिलमध्ये टाइम ऑफिसात हजेरी लिहायचो. कामगार मला मालकाचा माणूस समजत आणि मालक मला समजतच नसत.)

समतेची गरज पडली ती अशी. या आठ मिलांची दरवर्षी फुटबॉलची स्पर्धा होई. आधी कामगारच खेळत. मग एका शेठने खेळासाठी बाहेरून माणूस आणला आणि त्याला ‘फोल्डिंग मास्तर’ म्हणून पगार सुरू केला. (त्याला स्वतःच्या शर्टाची घडी घालता येत नव्हती.) आमच्या रमणिकशेठनी उत्तरादाखल गोव्याहून मिंगेल नावाचा फॉरवर्ड आणला आणि सहा हजार दोनशे रुपयांवर त्याला ‘सहायक डिझाइन अधिकारी’ नेमलं. मिंगेल सभ्य माणूस होता. दोन वर्षांत त्याने एकही डिझाइन बिघडवलं नाही, कारण डिझाइन विभाग कुठे आहे हे त्याने शेवटपर्यंत विचारलं नाही.

असे खेळाडू वाढत चालले तसा मालकांना खेळाबद्दल कळवळा वाटू लागला. ज्याच्याकडे पैसा तोच जिंकतो, हा अन्याय त्यांना सहन होईना. शेवटी पगारमर्यादा ठरली: प्रत्येक मिलच्या टीममध्ये पंधरा खेळाडू, आणि त्या पंधरांच्या हजेरीपटावरच्या मासिक पगाराची बेरीज पंचवीस हजारांपेक्षा एक रुपयानेही जास्त नसावी. नियमावली लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर चांगलं होतं आणि बाकी कुणाला वेळ नव्हता. मी अकरा कलमं केली. (दहाच पुरत होती, पण फुटबॉल म्हटल्यावर अकरा बरी दिसतात.)

या मर्यादेने खेळाचा दर्जा किती उंचावला हे आकड्यांवरून दिसेल. पूर्वी टीम निवडताना माणसाचे पाय बघत. आता पगाराचा रकाना बघू लागले. मिंगेलने एकट्याने पाव हिस्सा खाल्ल्यामुळे उरलेले चौदा जण स्वस्त असणं आवश्यक झालं. त्यामुळे भाईदास नावाचा सातशे रुपयांवरचा कंत्राटी हमाल आमचा सगळ्यात मोलाचा बचावपटू ठरला. त्याने आयुष्यात चेंडूला पाय लावला नव्हता. पण त्याच्यामुळे वाचलेल्या पैशांत दोन हाफबॅक बसत होते. बाबुराव म्हणून एक परभणीकडचा वॉचमन चांगला धावायचा, पण त्याला रात्रपाळीचा भत्ता सुरू झाला आणि त्याचा वेग आम्हाला परवडेना. एकूण बेरीज चोवीस हजार नऊशे नव्वद आली. ती बघून रमणिकशेठ म्हणाले, “पंडितभाई, टीम जोरदार आहे.” खेळाडू त्यांनी अजून पाहिले नव्हते.

या टीममध्ये खरोखर फुटबॉल येणारी माणसं दोन. एक मिंगेल, दुसरा आमचा गोलकीपर सुकदेव.

सुकदेव नंदुरबारकडचा. बारा वर्षं रंगखात्यात होता आणि अठराशे पन्नास रुपये घेत होता. रंगाच्या बाबतीत त्याची नजर अशी की व्यापाऱ्याने चिंधी दाखवली की हा डोळे बारीक करून सांगायचा, कुठला रंग किती ग्रॅम. कलर मास्तर त्याला विचारल्याशिवाय कढई चढवत नसे. आणि रविवारी खाडीकाठच्या मैदानावर तो गोलमध्ये उभा राहायचा. मी एकदा त्याला विचारलं, “सुकदेव, एवढा मार खाऊन काय मिळतं रे तिथे?” तो जरा लाजला. म्हणाला, “भाऊ, आठवडाभर हात रंगात. पांढरी वस्तू हातात येते ती तेवढीच.”

जून महिन्यात दोन गोष्टी झाल्या. सुकदेवची मुलगी योगिता दहावीला एक्याऐंशी टक्क्यांनी पास झाली आणि तिने सायन्सला जायचं म्हटलं. आणि कलर मास्तरने शेठना सांगितलं की सुकदेवला माझ्या हाताखाली मदतनीस करा, पगार अडीच हजार करा, नाहीतर तो इच्छापोरकडच्या एखाद्या कारखान्यात निघून जाईल. सायन्सची फी आणि शिकवणी धरली तर वाढ अगदी वेळेवर होती. वाढ नसती तर योगितासाठी मार्ग ठरलेला होता: आईशेजारी बसून साड्यांना टिकल्या चिकटवायच्या.

शेठनी वाढ आनंदाने मंजूर केली आणि मला बोलावून विचारलं, “बेरीज किती होते?”

मी म्हटलं, “पंचवीस हजार सहाशे चाळीस.”

शेठचा चेहरा पडला. इतका पडला की क्षणभर मलाच वाईट वाटलं. “पंडितभाई, मला तर द्यायचंय. पण नियम एटले नियम. मर्यादेत जेवढं बसतं तेवढं देऊ.”

मर्यादेत दहा रुपये बसत होते. शेठनी ते लगेच मंजूर केले.

सुकदेव सरळ माणूस. तो म्हणाला, “शेठ, मग मला टीममधून काढा.” शेठना हे फार लागलं. त्यांनी त्याला समजावलं की टीममधून काढलं तर तो साधा कामगार होईल, आणि साध्या कामगाराला एकदम साडेसहाशेची वाढ दिली तर बाकीचे चारशे लोक उद्या दारात उभे राहतील. थोडक्यात, टीममध्ये असेपर्यंत त्याला वाढ देता येत नव्हती आणि टीमबाहेर त्याला वाढ देण्याचं काही कारण उरत नव्हतं. इतकी निर्दोष रचना मी सरकारी खात्यातसुद्धा पाहिलेली नाही.

दुसऱ्या दिवशी सुकदेवची बायको धुरपदाबाई टाइम ऑफिसात आली. हातात योगिताची गुणपत्रिका. तिने ती माझ्या टेबलावर ठेवली आणि विचारलं, “पंडितभाऊ, हाऊ नियम कोनी काढा?”

मी म्हटलं, “मालकांनी काढला. मी फक्त लिहिला.”

“मंग तुमना पगार त्यामा का नही?”

“वहिनी, मी खेळत नाही ना.”

“मना नवरा खेळस म्हनिसन त्याना पगार थांबस. आनि तुम्ही खेळतस नही म्हनिसन तुमना वाढस?”

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते कलमांच्या भाषेत होतं आणि तिला ती भाषा येत नव्हती. गुणपत्रिका उचलून ती गेली. मी माझीच नियमावली काढून वाचायला बसलो. (लिहिताना मी ती वाचली नव्हती.) नवव्या कलमाशी माझं बोट थांबलं. ‘लाल कार्ड मिळून मैदानाबाहेर काढलेला खेळाडू उर्वरित हंगामात टीमचा सदस्य राहील, परंतु त्याचा पगार मर्यादेत धरला जाणार नाही.’ हे कलम अकराचा आकडा भरण्यासाठी लिहिलं होतं.

संध्याकाळी मी सुकदेवला ते वाचून दाखवलं. त्याने दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाला, “कुणाला लाथ नाही मारणार मी, भाऊ.”

“मारू नको. काहीतरी सभ्य कर.”

रविवारी सामना होता. रेफरी म्हणजे बारडोलीच्या शाळेतले पीटीचे सर, अत्यंत मऊ माणूस. दहाव्या मिनिटाला समोरच्याने जोरदार फटका मारला. सुकदेवने उडी मारून चेंडू असा अलगद झेलला की समोरच्या मिलच्या लोकांनीही टाळ्या वाजवल्या. मग तो उठला, चेंडू काखेत मारला आणि मैदानाबाहेर चालू लागला. कडेला धुरपदाबाई आणि योगिता उभ्या होत्या. त्याने चेंडू योगिताच्या हातात दिला आणि शेजारी जाऊन उभा राहिला.

सर धावत आले. “सुकदेवभाई, बॉल आपी दो ने.”

“नाही देणार.”

“पिवळं कार्ड दाखवावं लागेल.”

“दाखवा.”

दाखवलं. चेंडू योगिताकडेच. सर अगदी रडकुंडीला आले. “आता लाल दाखवावं लागेल, भाई!”

“दाखवा, सर.”

सरांनी खिसे चाचपले. तीन वर्षांत लाल कार्डाची गरजच पडली नव्हती, त्यामुळे ते आणलेलं नव्हतं. शेवटी कुणीतरी मिलमधून रंगांच्या नमुन्यांचं पुस्तक आणलं आणि सरांनी त्यातला एक तुकडा ओढून उंच धरला.

सुकदेवने डोळे बारीक केले. “सर, हा लाल नाही. मरून आहे.”

नियमानुसार लाल आवश्यक होता. सुकदेवने स्वतः पुस्तक चाळून बरोबर तुकडा काढून दिला, सरांनी तो दाखवला, आणि मी वहीत नोंद केली. भाईदास गोलमध्ये उभा राहिला. आम्ही सात गोलांनी हरलो.

सोमवारी शेठपुढे मी नवी बेरीज ठेवली: तेवीस हजार एकशे चाळीस. शेठनी ती स्वतः दोनदा करून पाहिली. पण कलम होतं, खाली त्यांची सही होती, आणि दारात कलर मास्तर उभा होता. सुकदेवचा पगार अडीच हजार झाला. योगिता अकरावी सायन्सला गेली. सुकदेव दर रविवारी मैदानावर यायचा आणि गोलच्या मागे उभा राहून बाहेर गेलेला चेंडू परत आणून द्यायचा. द्यायच्या आधी तो सदऱ्याने पुसायचा, आणि जरा जास्तच वेळ पुसायचा.

बातमी पांडेसऱ्यात पसरायला दोन दिवस लागले. पुढच्या सामन्यात शिट्टी वाजायच्या आधीच दोन्ही टीमचे सहा जण बाहेर जाण्यासाठी रांगेत उभे राहिले. एकाने गोलची जाळी सोडून घरी नेली. एकजण रेफरीच्या खांद्यावर बसण्याचा प्रयत्न करत होता. भाईदास चेंडूवर बसून राहिला. (सर या वेळी बारा लाल तुकडे घेऊन आले होते, सगळे अस्सल लाल.) हाफटाइमपर्यंत मैदानात मिंगेल आणि समोरच्यांचा फोल्डिंग मास्तर असे दोघेच उरले. दोघेही गोव्याचे निघाले. ते मध्यरेषेवर बसून गावाकडच्या गप्पा मारू लागले.

मालकांची तातडीची बैठक झाली. तिथे एका शेठने फार खोल विचार मांडला: या सगळ्या भानगडीत खर्चाचा भाग फुटबॉल हा आहे, मर्यादा नव्हे. फुटबॉल बंद झाला. मिंगेलला सन्मानाने गाडीत बसवून दिलं. मर्यादा मात्र ठेवली आणि नववं कलम वगळून सगळ्या खात्यांना लागू केली. नवीन प्रतही माझ्याच अक्षरात आहे; टाइम ऑफिस त्यात सातव्या ओळीवर येतं. त्यानंतर मिलमध्ये कुणी वाढ मागितली की त्याला सांगतात, द्यायची फार इच्छा आहे, पण मर्यादा आड येते. माणूस मान हलवून परत जातो. कसली मर्यादा, कुठल्या खेळाची, हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

वाचकहो, यंदा तुमच्या ऑफिसातही साहेबांनी अगदी हेच सांगितलं, आणि तुम्हीही समजूतदारपणे मान हलवलीत, असं कळलं. अभिनंदन. फक्त एकदा विचारून घ्या, तुम्ही कुठल्या टीमकडून खेळता. आमच्या लोकांना निदान हाफटाइमला संत्री मिळायची.