मनगट्यांची परमुलखी स्वारी

श्रीकुलस्वामिनीस स्मरोन, घडले तैसे लिहितो. पदरचे मीठमिरे घालणे आमचे स्वभावी नाही, आणि घातलेच तर चिमूटभर.

शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सर, वैशाखमासी कोणे एके राज्यी मार्तंडराव महाराज नांदत होते. राज्याचा विस्तार तीन खोल्या आणि एक गच्ची. राणीसाहेब कमलजाबाई. कन्या वैजयंतीबाई सातासमुद्रापार दिल्या होत्या, त्यांस कन्यारत्न जाहले ऐसे वर्तमान आले आणि राज्यात साखर वाटली, मग बारशास जातीने जावे ऐसे ठरले. आता सोबत न्यावयाचा खजिना म्हणाल तर एकच, बाळाचे मनगटी बांधावयाच्या, काळे मणी व सोन्याचे मणी ओवलेल्या दोन मनगट्या. वैजयंतीबाई बारा दिवसांच्या होत्या तेव्हा महाराजांनी त्या स्वहस्ते बांधिल्या होत्या, आणि त्याच नातीस बांधाव्या एवढाच त्यांचा हट्ट होता. परंतु परमुलखी खिसेकापू बहुत, डोळ्यांतले काजळ चोरतील ऐसी ख्याती. राणीसाहेब म्हणाल्या, "अहो, मी ठेवते की माझ्याजवळ." महाराज कडाडले, "छे! जोखीम आम्ही वागवू. आमच्या कोटाला हात घालायची कोणाची छाती आहे?" राणीसाहेब "बरं" म्हणाल्या आणि कोटास आतून चोरखिसा शिवला, मग पुरचुंडी आत घालून तोंडही शिवून टाकिले.

मग स्वारी विमानी आरूढ जाहली आणि महाराजांचा उजवा हात जो छातीवर गेला तो तेथेच राहिला. जेवताना डाव्या हाताने जेवले, निजले तरी हात तेथेच, इतका की शेजारची बाई कळवळून म्हणाली, "काका, छातीत दुखतंय का हो?" परमुलखी उतरोन कन्येच्या गावची गाडी धरावयाची होती. स्थानकावर दोन गोरे तरुण आले, त्यांतील एकाचे हातून दह्यासारखे काहीसे महाराजांचे खांद्यावर सांडले, आणि दुसरा "सॉरी, सॉरी" म्हणत कोट पुसू लागला. महाराज बहुत संतुष्ट जाहले, छातीवरचा हात काढोन नमस्कार करीत म्हणाले, "काय हो ही माणसं सभ्य!" अगं आई गं! गाडीत बसोन हात छातीवर नेला तो बोटे आरपार निघाली. खिसा ब्लेडने उभा कापिला होता.

महाराज म्हणजे रणी न डगमगणारा पुरुष, परंतु लेकरासारखे रडले. म्हणाले, "कमल, मी घालवल्या गं. वैजूला आता काय तोंड दाखवू?" तेव्हा राणीसाहेबांनी जवळ सरकोन त्यांचे डोळे पदराने पुसले, आणि मांडीवर एक दुपटे होते, आपल्या जुन्या लुगड्याचे नातीसाठी शिवलेले, त्याचा कोपरा दातांनी उसवला आणि मनगट्या काढोन महाराजांचे तळहाती ठेविल्या. "खिशात चार हळकुंडं होती," म्हणाल्या.  महाराज हळूच म्हणाले, "एवढाही भरवसा नव्हता माझ्यावर?" राणीसाहेब म्हणाल्या, "तुमच्यावर होता हो. तुमच्या हातावर नव्हता. लग्नाआधी माझ्यासाठी गजरा आणलात, तेव्हा अख्ख्या गल्लीतून खिशावर हात ठेवून आलात. मला कळायच्या आधी शेजारणींना कळलं होतं! जे जिवापाड जपता ते तुम्हाला लपवता येत नाही." महाराज रडता रडता हसू लागले.

मग बारसे थाटात जाहले आणि महाराजांनी स्वहस्ते मनगट्या बांधिल्या, आणि नातीने त्यांचे बोट जे धरिले ते सोडीना. महिनाभराने स्वारी परत फिरली. तेच स्थानक, तीच गर्दी, आता नेण्यासारखे अंगावर काही नव्हते, तरी महाराजांचा हात होताच. तो राणीसाहेबांच्या खांद्यावर होता. राणीसाहेब लाजोन म्हणाल्या, "अहो, काढा तो हात. चोरांना कळेल ना!"

महाराज म्हणाले, "कळू दे."

एवंच, हळकुंडे गेली, मनगट्या पावल्या, राज्य अखंड घरी आले. परमुलखी जाणाराने मोलाच्या वस्तूवर हात ठेवू नये, हात चहाडी करितो, हे खरे. महाराजांस ते अखेरपर्यंत साधले नाही. लेखनसीमा.