दिघेकाका कॉलवर आहेत

आमच्या रस्त्यावर सकाळी आठपासून सगळेच कॉलवर असतात. अमेरिकेत, मिनेसोटातल्या या ईडन प्रेरीत आयटीवाल्यांची वस्ती भरपूर. कुणाचंही दार वाजवा, कानात यंत्र खुपसलेला माणूस दार उघडतो आणि हातानंच ‘नंतर’ म्हणतो. त्यामुळे शेजारच्या काकूंनी एका संध्याकाळी दारात सांगितलं, “हे कॉलवर आहेत,” तेव्हा मला काहीच विशेष वाटलं नाही. घरी आल्यावर वाटलं. दिघेकाका रिटायर होऊन पाच-सहा वर्षं झाली होती.

पुढेही मी जेव्हा जेव्हा गेले, तेव्हा काका कॉलवर. रोज पाच वाजता, शनिवार-रविवारसुद्धा. माझा नवरा समीर तर हबकलाच. “यार, या वयात रविवारी कॉल? कुठल्या टाइमझोनशी बोलतात?”

जानेवारीत एकदा पुरणपोळ्या द्यायला गेले. बाहेर गुडघाभर बर्फ. काकूंचा आवाज तळघरातून आला, “स्वाती ना? ये खाली. आम्ही कॉलवर आहोत.”

मी चोरपावलांनी उतरले आणि शेवटच्या पायरीवर थबकले. तळघरात दिघेकाका हाफपँट आणि हेल्मेट घालून एका जागी ठोकून बसवलेली सायकल हाणत होते. समोर मोठ्या टीव्हीवर डोंगरातला रस्ता सरकत होता, खाली निळाशार समुद्र. टेबलफॅन अंगावर वारा घालत होता. शेजारी खुर्चीत, शाल पांघरून आणि मांडीवर ओव्याची वाटी घेऊन काकू. त्या मधून मधून ओवा तळहातावर चोळायच्या आणि हुंगायच्या.

“थांब, वळण आहे,” काका मला म्हणाले आणि सायकलची घंटी वाजवली. तळघरात समोरून कोण येणार होतं, देव जाणे.

मग खुलासा झाला. कॉल म्हणजे खिंड. फ्रेंच शब्द. कॉर्सिका नावाचं बेट आहे, भूमध्य समुद्रात, तिथले घाट काका या तळघरात बसून चढत होते. आणि ओवा? “तिथल्या डोंगरात एक झुडूप आहे,” काका धापा टाकत म्हणाले. “उन्हात तापलं की अगदी ओव्याचा वास. डोळे मीट आणि हुंग. पोचलीस.”

मी डोळे मिटून हुंगलं. खरं सांगते, क्षणभर पोचले. वर मिनेसोटात बर्फ पडतोय आणि आपण तापल्या दगडांवर उभ्या आहोत, खालून समुद्राचा मंद आवाज येतोय, असं काहीसं वाटलं. आवाज पंख्याचा होता म्हणा.

दिघेकाका महाडचे. वडील ट्रक चालवायचे, त्यामुळे लहानपण घाटात गेलं. असा माणूस नोकरीसाठी येऊन पडला पोळपाटासारख्या सपाट गावात. इथे चढ म्हणावा असा एकच, हायवेवरचा पूल. उन्हाळ्यात काका त्या पुलावर सायकल चढवतात आणि वर पोचले की उतरून घाम पुसत दोन्हीकडे बघतात. खाली गाड्या धावत असतात. “घाटमाथ्याची हवाच वेगळी,” असं ते मला तिथे उभं राहून म्हणालेले आहेत. घरात हेल्मेट कशाला, असं विचारलं तर म्हणतात, “उतारावर पडलो म्हणजे?”

उतारावर पडण्याचा मात्र प्रश्नच नव्हता, कारण उतार कधी यायचाच नाही. काका माथ्याजवळ जायचे आणि दर वेळी बरोबर त्याच जागी टीव्ही थांबवायचे. घाम पुसत म्हणायचे, “एक वळण राहिलंय.” रोज. सायकलच्या पिशवीत एक नारळही होता. घाटमाथ्यावरच्या देवीला नारळ फोडल्याशिवाय वडिलांनी नवा ट्रक कधी पुढे काढला नाही, म्हणून. माथा येत नव्हता, त्यामुळे नारळ तसाच. वाळून आतून खुळखुळायला लागला होता. “काका, माथा आला की नाही?” हा आमच्याकडे पार्ट्यांत विचारायचा प्रश्नच होऊन बसला. काका हसायचे. “एक वळण राहिलंय.”

मार्चमध्ये एकदा मी खाली बसले होते. काकांनी नेहमीच्या जागी टीव्ही थांबवला. मला राहवलं नाही. म्हटलं, आज बघूच वर काय आहे, आणि रिमोटकडे हात नेला.

“हात लावू नकोस!”

काका ओरडले. त्या माणसाला मी कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. स्वतःच्याच आवाजानं तेही दचकले. मग उतरले आणि पंखा बंद करून बाहेर बर्फ उपसायला निघून गेले. बर्फ सकाळीच उपसून झाला होता.

“बस,” काकू म्हणाल्या. “तुला सांगायला हवं होतं.”

काही वर्षांपूर्वी दोघं खरोखर गेली होती तिथे. भाड्याच्या दोन सायकली. माथा अगदी जवळ आला आणि काकू म्हणाल्या, “अजून एक वळण राहिलंय.” काका म्हणाले, “कुठे? रस्ता सरळ आहे.” काकूंना तर रस्त्याची कड स्पष्ट वळलेली दिसत होती. काकू डॉक्टर. सरळ रेघ वाकडी दिसली की त्याचा अर्थ काय, हे त्यांना सायकलवरून उतरायच्या आतच कळलं. डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग जात चालला होता.

“मी कडेच्या दगडावर बसले. यांना म्हटलं, तुम्ही जाऊन बघून या. तर म्हणाले, माथ्यावर जोडीनं जायचं. पूजेला एकटा बसतो का कोणी? आणि सायकली वळवल्या.”

आता काकूंना समोरचं दिसत नाही, फक्त कडेकडेचं थोडं. तेही किती दिवस, सांगता येत नाही. काका त्यांना पुन्हा न्यायचं म्हणत होते आणि काकू दरवर्षी नाही म्हणत होत्या. “न दिसणाऱ्या बाईला डोंगरावर नेऊन काय करायचंय? उगीच ओझं.” म्हणून हा माणूस रोज पाच वाजता हेल्मेट घालून त्यांना अर्धाअधिक घाट सांगत होता. डावीकडे दरी, उजवीकडे शेळ्या, आता पूल, आता सावली. हट्टानं. कधीतरी हो म्हणतील म्हणून.

इतके दिवस आम्ही ज्याला हसत होतो, ते लाडीगोडी लावणं होतं.

काका परत खाली आले, बूट झाडत. चेहरा पडलेला. “स्वाती, सॉरी गं,” म्हणाले. तेवढ्यात काकूंनी पिशवीतला नारळ चाचपडून काढला आणि कानाशी हलवला.

“अहो, हा गेला,” त्या म्हणाल्या. “निघायच्या आधी नवा आणा.”

काका तसेच उभे राहिले. एक बूट हातात.

मेमध्ये दोघं गेली. दोन सीटांची, बॅटरीची सायकल तिथे मिळते म्हणे. पुढे काका, मागे काकू. नारळ इथल्या इंडियन स्टोअरमधून मीच निवडून दिला.

एका सकाळी मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. फोन थरथरला. काकू. मी घाईनं कुजबुजले, “काकू, मी कॉलवर आहे, नंतर करू?”

“अगं, आम्हीपण कॉलवरच आहोत,” काकू म्हणाल्या.

मागे वारा घोंघावत होता. पंख्याचा नव्हे, खरा. मी कॅमेरा बंद केला आणि खुर्चीवरून उठले.

“पोचलात? काका कुठायत?”

“हे रडताहेत. म्हणून मी बोलतेय. नारळ फोडला. प्रसाद द्यायला कोणी नव्हतं, तर एक जर्मन सायकलवाला आला, त्याला खोबरं दिलं. चांगला दोन तुकडे घेऊन गेला.”

“आणि ओव्याचा वास?”

“अगदी तोच.”

मग मी न राहवून विचारलं, “काकू, काका सांगताहेत ना काय काय दिसतंय ते?”

काकू हसल्या. पहिल्यांदाच इतक्या मोकळ्या हसल्या असतील.

“कसलं सांगताहेत! सगळीकडे धुकं आहे. हात पुढे केला तर हात दिसत नाही म्हणाले. म्हटलं, चला, हेच बघायचं राहिलं होतं. आज आम्हा दोघांना सारखंच दिसतंय.”