‘व्हय’ला बंदी

नोकरीतल्या पहिल्याच तासाला मला लाल बावटा दाखवला गेला. बावटा म्हणजे रुमाल. तो फडकवणारे बिराजदार सर शेवटच्या बाकावर दोन धिप्पाड पोरांच्या मधे गुडघे मुडपून बसलेले. येडशीच्या स्टेशनात गाडी अडवावी तशी त्यांनी माझी अर्थशास्त्राची गाडी अडवली.

“गुरुजी, पोरांना शिकवताय का फळ्याला? फळा कवाच पास झालाय.”

वर्ग खदखदला. मी फळ्यात शिरायला फट शोधू लागलो.

सर मूळचे अणदूरचे. आमच्या विद्यापीठात नव्या प्राध्यापकांना शिकवायला शिकवणं हे त्यांचं काम. तोंड वर्गाकडं ठेवा, नवा शब्द फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा, आणि “कळलं का?” हे जन्मात विचारू नका, एवढाच त्यांचा अभ्यासक्रम.

“का विचारायचं नाही सर?”

“पोरं ‘व्हय’ म्हणतात म्हणून. आपल्याकडच्या ‘व्हय’चा अर्थ ठावं हाय का? कळलं न्हाय, पण सोडा आता! त्यापरीस पोराला म्हणायचं, आता तू मला शिकव.”

मी भीतभीत सास्तूरच्या एका मुलीला उभं केलं. विषय, घटती उपयोगिता. ती म्हणाली, “सर, पहिलं भजं लई भारी लागतं. सातव्याला भज्याकडं बघू वाटत न्हाय. झालं की!”

आठवडाभर आलेख काढून जे समजावताना मी घाम गाळला होता, ते तिनं सात भज्यांत उरकलं. मागं सर बाक बडवत होते.

एकदा कुलसचिवांनी भलंमोठं परिपत्रक वाचून “समजलं ना?” असं विचारलं. सगळे “हो हो” म्हणाले. सर उठले. “साहेब, आता तुम्हीच सांगा, आमाला काय समजलं?” त्या दिवशी सभा लवकर आटोपली.

निवृत्तीनंतरही सर येतच राहिले. बायको वारल्यावर तर सुट्टीच्या दिवशीही येऊन शिपायाला “आज तास न्हाय का?” विचारायचे. अलीकडं मात्र रुमाल फार हलायचा. खणखणीत बोलणाऱ्यालाही, जरा पाठ वळली की लाल! मला वाटायचं, वयानं सर कडक होत चाललेत.

मग वरून निर्णय आला. आता तासांचं चित्रीकरण होणार, जाणकार ते आपापल्या ठिकाणी बसून बघणार, वर्गात कुणी बसायचं नाही. सरांना हे सांगायचं काम, त्यांचा लाडका म्हणून, माझ्या गळ्यात पडलं.

तास संपला, पोरं गेली. सर बाकावरच होते. त्यांच्याकडं बघायचं धाडस होईना, म्हणून मी फळा पुसत पुसतच सांगून टाकलं, “सर, उद्यापासून तुम्ही तासाला बसायचं नाही, असं ठरलंय.”

मागून आवाज आला, “व्हय.”

माझा हात डस्टरसकट थांबला. वीस वर्षांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. वळून पाहिलं, तर सर हसत मान डोलवत होते. अगदी पोरं डोलवतात तशी.

मी त्यांच्यासमोर जाऊन बसलो. सावकाश म्हणालो, “सर, आता तुम्ही मला शिकवा. मी काय म्हणालो?”

हसू मावळलं. ते रुमालाची घडी घालत राहिले.

“पकडलंत गुरुजी.” ते म्हणाले, “दोन वर्षं झाली, कान गेले. तोंड दिसलं की समजतं. घरी बोलायला कुणी न्हाय, म्हणून तिथं अडत न्हाय. इथं निदान माझ्याकडं बघून कुणीतरी बोलतं.”

मी उठलो. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘तासांची पाहणी बंद.’ त्याखाली लिहिलं, ‘उद्या अकराला माझा तास. पाहुणे म्हणून या. पहिला बाक.’ आणि तोंड त्यांच्याकडं करून उभा राहिलो. कळलं का, हे विचारलं नाही.

सरांनी दोन्ही ओळी वाचल्या. दुसरी दोनदा.

“पहिल्या बाकावर हुशार पोरं बसतात. माझं तिथं काय काम?”

“माझी गाडी अडवायची,” मी म्हणालो. सावकाश, ओठ नीट हलवत.

सरांनी घडी मोडली आणि रुमाल खांद्यावर टाकला.