पाहुण्याचा पटका

सरकारनं आमचं वर्तमानपत्र बंद पाडलं, तेव्हा मी बेळगावात खाणावळ काढली. (संपादकांनी माफी मागितली आणि ते सुटले. मी मागितली नाही, म्हणून पिठलं वाढू लागलो.) गावातल्या खाणावळींत जेवण मिळतं, माया मिळत नाही, असा अग्रलेख मी विनोदिनीला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीला, तोंडी ऐकवला. आपण पाहुण्यांना माझ्या लहानपणची सुट्टी द्यायची. जांबोटीला मामाकडून पाहुणा निघाला की आम्ही पोरं त्याचा पटका लपवायचो. बोडक्या डोक्यानं माणूस बाहेर पडतो तो फक्त घरात मयत झाल्यावर. त्यामुळं पाहुणा आणखी एक दिवस राहायचा आणि जाताना डोळे पुसायचा.

"मामांचे पाहुणे रिकामटेकडे होते," विनोदिनी म्हणाली.

पहिला मुक्कामी पाहुणा सदलग्याचा आण्णाप्पा. बेचाळीसच्या धामधुमीत तारा तोडल्या म्हणून त्याचा पोरगा इथल्या तुरुंगात होता. हे त्यानं विनोदिनीला सांगितलं. मी तेव्हा मायेवर बोलत होतो.

सकाळी तो आंघोळीला गेला आणि मी त्याचा पटका रिकाम्या हंड्यात टाकला. विनोदिनीनं त्याच हंड्यात धुणं भरलं, पाणी ओतलं आणि चूल पेटवली.

"माजा पटका कुटं हाय ओ?"

"आजचा दिवस राहा की," मी मामासारखा हसलो.

"आज पोराची भेट हाय, मालक. दुपारी दुसऱ्या तुरुंगात हलवत्यात त्याला. परत कवा दिसंल ठाव न्हाय."

पटका हंड्यातून काठीनं काढला, तेव्हा त्यातून वाफा निघत होत्या.

"तसेच जा," मी म्हणालो.

"बोडका गेलो तर पोराला वाटंल, आय गेली. लई दिस झालं, हातरुणावर हाय ती."

घरात टोपी एकच, माझी. पांढरी, खादीची. (सरकारला चीड यावी म्हणून दुसऱ्या तऱ्हेची शिवलीच नव्हती.) तीच घाईनं त्याच्या डोक्यावर घातली.

उन्हं कलल्यावर तो परतला, बोडकाच. तुरुंगाच्या दारात शिपायानं ती टोपी हिसकावली आणि भेटही नाकारली. आण्णाप्पा फाटकासमोर उभा राहिला. लॉरीत चढवताना पोरगा त्याला लांबून दिसला.

"त्यानं पाहिलं तुम्हाला?" विनोदिनीनं विचारलं.

"व्हय आक्का. माज्या डोस्क्याकडं बगितलं आन् तितंच मटकन बसला. आय हाय रं, म्हणून वरडलो. लॉरीच्या आवाजात काय ऐकू जातंय."

मी म्हणालो, "मी आजच पत्र लिहितो त्याला. तुरुंगाधिकाऱ्यालाही असं खरमरीत लिहितो की..."

"तुमी आता कायबी करू नगासा, मालक."

वाळलेला पटका त्यानं बांधला आणि तो निघाला. राहा म्हणायची माझी छाती झाली नाही.

मी दारात तसाच उभा होतो. समोरून येणारे चिंतामणी वकील माझ्या उघड्या डोक्याकडे पाहून थबकले. आवाज उतरवून म्हणाले, "कोण गेलं हो?"

"खाणावळ," विनोदिनी आतून म्हणाली.