तळ्यावरचं हिरवं पान

एका जंगलात, बाळांनो, एक तळं होतं. रानम्हशी दिवसभर त्यात डुंबत आणि बाकीचे विधीही तिथेच उरकत. म्हणून सगळे प्राणी टेकडीवरच्या झऱ्याचं पाणी पीत. चढण मोठी होती. कुरकुरत, पण जात.

आपल्या राज्यातलं पाणी कितपत सुरक्षित आहे, हे प्रजेला एका नजरेत कळलं पाहिजे, असं एकदा सिंहमहाराजांच्या मनात आलं. पाणी सुधारावं असं कोणी सुचवलं नाही. तो विषय बैठकीपुढे नव्हता. ठरलं ते असं: सुरक्षित पाण्यावर हिरवं पान टांगायचं, संशयाच्या पाण्यावर पिवळं आणि धोक्याच्या पाण्यावर लाल.

तपासणी बगळेसाहेबांकडे आली, कारण त्यांचं पाण्यात येणंजाणं होतं. साहेब तळ्यात एका पायावर उभे राहिले. दोन मासे तपासले, तेही गिळून. मग त्यांनी हिरवं पान टांगलं. टेकडी चढणं मात्र त्यांच्या जिवावर आलं. तपासणी झाली नाही, म्हणून झऱ्याला लाल पान मिळालं.

सगळं जंगल खूश झालं. चढण वाचली.

थोड्याच दिवसांत तळ्यावरचं पान पिवळं पडलं आणि एकच घबराट उडाली. साहेबांनी प्रकरणाच्या मुळाशी जाऊन कारण शोधलं: पान वाळलं होतं. ताबडतोब एका वानराची नेमणूक झाली. त्याने रोज सकाळी ताजं पान टांगायचं. तळं पुन्हा सुरक्षित झालं.

हरिणीचं पाडस तेवढं आजारी पडलं. जुलाब थांबेनात, त्याला उभं राहवेना. ती धावत साहेबांकडे गेली.

"साहेब, एकदा पाण्यात वाकून बघा," ती म्हणाली. "माझं लेकरू हातचं जाईल हो."

साहेबांनी मान उंच करून झाडाकडे पाहिलं. "बाई, हिरवं आहे. आजच तोडलेलं आहे."

हरिणी तिथून निघाली. पाडसाला ढकलत, चाटत, थांबत थांबत ती टेकडी चढली आणि त्याला लाल पानाखालचं पाणी पाजू लागली. हळूहळू ते सावरलं, उड्या मारू लागलं. मला फार बरं वाटलं. पाडस मारून गोष्ट मोठी करणारे लेखक असतात; माझी तेवढी छाती नाही.

साहेबांनाही बरं वाटलं. तळ्याचं पाणी प्यायलेला रुग्ण ठणठणीत झाला, अर्थात पाणी निर्दोष, असं त्यांनी महाराजांना कळवलं. तळ्याला चंदेरी पान मिळालं, ते वाळतच नाही. लाल पानाचं पाणी लेकराला पाजल्याबद्दल हरिणीला कडक समज मिळाली. ती अजून रोज टेकडी चढते. खालून बाकीचे प्राणी तिची कीव करतात.

हसलात ना, बाळांनो? मीही लिहिताना खूप हसलो. हसून तहान लागली म्हणून उठलो. आमच्या स्वयंपाकघरात पाणी शुद्ध करायचं मशीन आहे. त्याचा हिरवा दिवा लाल झाला होता. मी प्लग काढला आणि पुन्हा लावला. दिवा हिरवा झाला. मग मी दोन ग्लास भरले, एक माझा आणि एक नातीचा.

तात्पर्य: पाणी पिताना नजर नेहमी वर ठेवावी, पानाकडे किंवा दिव्याकडे. ग्लासात बघू नये.