डाव्या कडेचा माणूस

तबकातल्या कागदावर आधी काळी टोपी उमटली. मग मिशी, मग दोन डोळे. लाल दिव्याच्या उजेडात ते डोळे हळूहळू गडद होत गेले आणि सरळ गंगाधरकडे बघू लागले.

"हा कोण रे?" कोंडीरामने विचारलं.

"मला काय माहीत? मी भिंतीवर घोषणा रंगवणाऱ्याचा फोटो काढला होता. हा तिथे नव्हताच."

"नव्हता तर आला कुठनं?"

कोंडीराम परळच्या एका स्टुडिओत डार्करूम सांभाळायचा आणि दुपारच्या सुट्टीत मित्राचे फोटो करून द्यायचा. त्याने दुसरा कागद तबकात सोडला. वरळी कोळीवाड्यात दोरीवर वाळणारे बोंबील वर आले आणि डाव्या कडेला, बोंबलांच्या आडून, तीच टोपी वर आली. माझगावच्या चर्चच्या पायऱ्या उमटल्या. डावीकडे तीच टोपी. लालबागचा नाका उमटला. येणारीजाणारी माणसं पुसट झाली होती, टोपीवाला तेवढा खणखणीत उभा होता.

"लेन्स कुणाची आणलीस?" कोंडीरामने विचारलं, आणि गंगाधरला नेमकं तेच आठवायचं नव्हतं.

कचेरीतल्या फायलींतून उरलेला सगळा जीव गंगाधरने आपल्या कॅमेऱ्यात घातला होता. त्याला पन्नास मिलिमीटरची लेन्स होती. पण गर्दीत मागे सरकायला जागा मिळत नाही, म्हणून फोर्टातल्या एका दुकानदाराने त्याला जुनी, जास्त रुंद टिपणारी पस्तीसची लेन्स आठ दिवसांसाठी दिली होती. "फिरून बघा. पन्नास की पस्तीस, ते रस्त्यावरच कळतं. आधीच्या मालकांचा फार जीव होता हिच्यावर." "होता म्हणजे?" "गेले ते," दुकानदार म्हणाला आणि शांतपणे लेन्स पुसू लागला.

घरी लालबागला गंगाधरच्या आईने, कमलाबाईंनी, फोटो एकदाच पाहिले आणि दारात नेऊन ठेवले. "मेल्या, ह्यां भिंग मेलेल्या माणसाचां मा? मगे तो त्याच्यातच रवता!" त्यांनी मीठमिरच्या घेऊन कॅमेऱ्याची दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका मजल्यावरच्या सगळ्या खोल्यांना लागला. लेन्सला काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीच्या दादरच्या फोटोत टोपीवाला हजर होता, आणि आता थोडा जवळ आला होता.

एरवी गंगाधरने लेन्स परत करून मोकळा श्वास घेतला असता. पण त्याच आठवड्यात गिरगावातून उत्तर यायचं होतं. तिथल्या अप्पांच्या मुलीला, शैलाला, तो पाहून आला होता. पाहून म्हणजे काय, लाजून मान खाली घातल्यामुळे त्याने पोह्यांची बशी पाहिली होती आणि ती पुढे करणारा हात. तेवढ्यावर त्याची झोप उडाली होती. लेन्स परत केली तरी, मुलाच्या मागे भूत लागलंय ही मजल्यावर पसरलेली बातमी लालबागहून गिरगावात जायला कितीसा वेळ लागणार? रविवारी 'पत्रिका जुळत नाही' म्हणून निरोप येईल आणि तो हात पुन्हा दिसणार नाही, या विचाराने त्याला भुतापेक्षा जास्त धडकी भरत होती.

"हे बघ, धम्मदीक्षा घेतल्यापासून भूतबीत आपण मानत नाय," कोंडीराम म्हणाला. "आण तो कॅमेरा." त्याने कॅमेऱ्याची पाठ उघडून आत बटरपेपर लावला, कॅमेरा स्टुडिओच्या खिडकीत ठेवला आणि लेन्स उघडी धरली. कागदावर समोरची इमारत उलटी उमटली. मग त्याने कॅमेऱ्याच्या डोळ्याला डोळा लावला.

"डोळ्यातनं तीन खिडक्या दिसतात. कागदावर पाच आल्यात. अरे येड्या, हा डोळा पन्नासच्या लेन्सचा! या कॅमेऱ्यात लेन्समधनं दिसत नाय, बाजूच्या डोळ्यातनं दिसतं. तुला दिसतं पन्नासचं, फोटोत येतं पस्तीसचं. दोन्ही बाजूंचं जास्तीचं तुला दिसतच नाय."

"म्हणजे भूत नाही?"

"भूत नाय."

गंगाधर हसला. मग त्याचं हसू विरलं. "कोंडीराम, म्हणजे हा माणूस खरा आहे."

खरा माणूस, आणि रोज मागावर. दिवस मुंबई महाराष्ट्रात हवी म्हणणाऱ्या समितीच्या मोर्चांचे होते, साध्या वेशातले पोलीस कुठेही उभे असत. गंगाधरने एका मोर्चात एकदाच, तेही दुसऱ्याच्या आवाजात आवाज मिसळून, घोषणा दिली होती. सरकारी नोकराची नोकरी जायला तेवढी पुरत होती. नोकरी गेली की शैलाही गेली, हे सांगायला पत्रिका लागत नव्हती.

"धरायचा त्याला," कोंडीराम म्हणाला. "पण गिरगावात. तिकडे हाक मारली की माणसं धावतात."

गुरुवारी कचेरी सुटल्यावर गंगाधर गिरगावात एका फुलवालीसमोर उभा राहिला. त्याने कॅमेरा डोळ्याला लावला. चौकटीत फुलवाली होती आणि झेंडू. डावीकडे कुणी दिसत नव्हतं, म्हणजे तो तिथेच असणार. त्याने कॅमेरा खाली न घेता डावीकडे दोन पावलं टाकली आणि हात लांब केला. हातात एक कोपर आलं. कोमट होतं.

"सीआयडी! धरा!" कोंडीराम पलीकडून ओरडला.

गिरगावाला एवढंच पुरे होतं. दुकानांतून, जिन्यांतून माणसं उतरली. टोपी उडाली, कोटाची एक बाही कुणाच्या तरी हाती राहिली. "मुंबई कुणाची, बोल!" कुणीतरी दरडावलं.

"महाराष्ट्राची हो, महाराष्ट्राची!" टोपीवाला कळवळला. "मी सीआयडी नाही! मी मुलीचा मामा!"

"कुठल्या मुलीचा?"

"शैलाचा!"

गंगाधरच्या हातातलं कोपर सुटलं. वरच्या गॅलरीतून अप्पा खाली बघत होते.

सगळे वर अप्पांच्या खोलीत गेले. सीताराममामा एका बाहीचा कोट घालून खुर्चीत बसले होते. मुलगा पितो का, जुगार खेळतो का, कुठे जातो, हे आठवडाभर बघून कळवण्याचं काम अप्पांनी त्यांच्यावर सोपवलं होतं. पण मामांना माराचं दुःख नव्हतं.

"तीस वर्षं स्टुडिओत काढली मी. पन्नासची चौकट मला अंधारात आखता येते. बरोब्बर दोन हात बाहेर उभा राहत होतो. आलो कसा मी फोटोत?"

"पस्तीस लावली होती," गंगाधर पुटपुटला.

"पस्तीस? रस्त्यावर? निम्मा फोटो रिकामा!" मामांनी गंगाधरच्या पिशवीतले फोटो ओढून घेतले आणि चष्मा लावला. एकेक फोटो बघता बघता त्यांचा राग ओसरत गेला. मग त्यांचं बोट उजव्या कडेला जाऊन थांबलं.

"आणि ही कोण?"

सगळे वाकले. बोंबलांच्या उजवीकडे एक छत्री होती. चर्चच्या पायऱ्यांशी तीच छत्री, लालबागला तीच. छत्रीखाली पाठमोरी एक बाई. घोषणेच्या भिंतीपाशी तिची मान किंचित वळली होती, पण चेहरा कडेवर कापला गेला होता. इतके दिवस सगळ्यांनी डावीकडेच पाहिलं होतं. कोंडीरामही खुर्ची जरा मागे घेऊन बसला.

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. शैला दारात आली.

"मीच आहे ती. मामा सांगतील ते तुम्हाला कळणार होतं, अप्पा. मला कोण सांगणार होतं? मी शिकवते ती शाळा सुटली की मामांच्या मागे जायचं, की हे सापडायचे. मामा डावीकडे, म्हणून मी उजवीकडे."

मामांनी चष्मा काढला. एवढी वर्षं त्यांनी दुसऱ्यांवर कॅमेरा रोखला होता; आपल्यावरच कुणी नजर ठेवावी हे त्यांना नवीन होतं.

"मग? काय पाहिलंस?" अप्पांनी सावधपणे विचारलं.

"सात हातांवर उभी होते मी. एकदासुद्धा बघितलं नाही यांनी."

"बघा!" अप्पा खुशीत म्हणाले. "मुलाची नजर सरळ आहे!"

"सरळ कसली, अप्पा," शैला म्हणाली. "बाजूचं काहीच दिसत नाही." तिने टेबलावरचा कॅमेरा उचलून गंगाधरपुढे धरला, आणि या वेळी त्याने मान वर करून पाहिलं. "ही लेन्स परत करू नका. आणि उद्यापासून उजवीकडे बघत चला."